साहेब बाजूला झाला की

मेहुणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आठवडाभर तिचं कुत्रं सांभाळायला निवृत्त ग्रंथपाल डोंगरातल्या त्या गावी आले. खरं कारण वेगळं होतं. खिंडीपलीकडच्या गावात त्यांची मुलगी राहत होती. "बाबा, तुम्हाला पुस्तकांपुढे माणसं दिसतच नाहीत," असं म्हणून ती घराबाहेर पडली, त्याला तीन वर्षं झाली होती. आता फोनवर म्हणाली होती, "रविवारी सायकलनं खाली येते. बोलू."

कुत्र्याचं नाव साहेब, आणि रुबाबही तसाच. कड्याच्या कडेनं गेलेल्या सायकलवाटेवर दिसेल त्या सायकलस्वारावर तो घसा फुटेस्तोवर भुंकायचा. ग्रंथपाल ओशाळून माफी मागायचे.

पण मधेच एखाद्या वळणावर साहेब गप्प व्हायचा. डोंगराला अंग लावून, मान खाली घालून उभा राहायचा. वाट तर रिकामी असायची. जरा वेळानं अंग झाडून तो पुन्हा चालू लागायचा. एकदा ग्रंथपालांच्या गालाला गार वारा लागला आणि चेनच्या तेलाचा वास आला. झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं.

वाटेच्या तोंडाशी सायकल-मिस्त्रीचं दुकान होतं. त्यांनी भीत भीत त्याला विचारलं.

"काका, साहेब बाजूला झाला की तुम्हीही व्हायचं," ट्यूब पाण्यात बुडवत मिस्त्री म्हणाला. "वाट अडवायची नाही."

"कुणाची?"

"एवढी पुस्तकं तुम्ही वाचलीत, आणि विचारताय मला? मी आपला पंक्चरवाला." तो हसला, पण बुडबुड्यांवरची नजर काही वर आली नाही.

रविवारी दुपारी धुकं उतरलं. साहेबाला घेऊन, दुखरा गुडघा सांभाळत ग्रंथपाल वाट चढू लागले. वळणापलीकडून घंटी वाजली. मग पिवळं जाकीट दिसलं.

"बाबा!"

तीच होती. केस कापले होते, पण हसू थेट आईचं.

साहेब भुंकला नाही. हिसका देऊन तो डोंगराला चिकटला.

ग्रंथपालांनी कान दिले. खडीवर चाकांचा आवाज येत नव्हता. एक पाऊल बाजूला सरकलं तरी पुरे होतं.

"आजही बाजूलाच होणार, बाबा?"

त्यांनी हातातली दोरी सोडली आणि वाटेच्या मधोमध दोन्ही हात पसरले.

गार वारा अंगावर आला.

मग दोघं बोलत बोलत खाली उतरले. ती सांगत होती आणि ते ऐकत होते, मधे एकदाही न टोकता. गुडघा अजिबात दुखत नव्हता. साहेब दोरी फरफटत केव्हाच पुढे गेला होता.

दुकानापाशी येताच त्यांच्यानं राहवेना. "मिस्त्री, ही माझी मुलगी!"

मिस्त्रीनं भिंतीला चिकटलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. रस्त्यावरचं स्टूल आत ओढलं आणि मान खाली घातली.

ते दोघं पुढे गेल्यावर मागून त्याचा फोनवरचा आवाज आला.

"ताई, साहेब माझ्याकडे सुखरूप आहे. त्याला न्यायला मात्र आता दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."