हातात न दिलेला चाकू

बाबांची कात्री धार लावून न्यायची म्हणून चंद्रकला इतवारीच्या बाजारातल्या चाकू-कात्र्यांच्या दुकानात आली होती. दुकानदार धारेच्या चाकाशी गुंतला होता, त्यामुळं थांबणं आलं, आणि थांबली म्हणून तो मुलगा दिसला. त्याच्यापुढं चाकूच चाकू पसरले होते. एकेक उचलून तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं न्याहाळत होता, की तिला हसू आवरेना.

"काहून हसून राहिल्या?" त्यानं विचारलं.

"लढाईले चालले का तुम्ही?"

"नाही... नदीवर."

मग एकेक कळत गेलं. त्याचं नाव ईश्वरदास, राहणारा कन्हानचा, वडील कोळशाच्या खाणीत. कॉलेजातल्या काही मुलामुलींनी मिळून कयाक बनवल्या होत्या, म्हणजे बांबूच्या सांगाड्यावर ताडपत्री ताणून केलेल्या निमुळत्या नावा. नाव उलटली आणि पायात दोर अडकला, तर तो कापायला चाकू हवा. तोही स्वस्तातला, कारण वर्गणी जेमतेम जमली होती. आणि हा पठ्ठ्या जीव लावून बसला होता तो खटका दाबून उघडायच्या, लांब टोकाच्या चाकूवर.

चंद्रकला विणकराच्या घरची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दोर आणि धार यांवर बोलायचा आपला हक्कच आहे, असं तिला वाटे. ओल्या बोटांनी हा उघडणार कसा, तिनं विचारलं. आणि टोक आपल्याच नावेत घुसलं तर? कोपऱ्यातून तिनं पाव कापायचा, करवतीसारख्या दातांचा चाकू काढला. सुतळी पाण्यात भिजवून मागितली आणि दोन ओढींत कापून दाखवली. टोक तिथंच चाकावर घासून बोथट करून घेतलं. मुठीला दोरी बांधू नका, तीच अडकेल, असंही वर बजावलं.

"तुम्हीच चला ना नदीवर," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... मुलीही आहेत. चारुलता आहे."

चारुलता तिच्याच वर्गातली मैत्रीण. घरी सांगायला नाव मिळालं, आणि चंद्रकला दर रविवारी कन्हानला जाऊ लागली.

दिवाळी नुकतीच झालेली, पाणी गार आणि नितळ. दोघांच्या नावेत ती पुढं, तो मागं. त्याचा चेहरा दिसत नसे, पण त्याच्या वल्ह्याचे थेंब तिच्या खांद्यावर पडत. सुरुवातीला तो दर वेळी माफी मागे. पुढं पुढं मागेनासा झाला.

"तुमचं वल्हं फार गळते," ती एकदा म्हणाली.

"सगळ्यांचंच गळते. तुम्ही पुढं बसता म्हणून कळते."

"मग मागं बसू?"

"नको... मग मले दिसणार नाही."

काय दिसणार नाही, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, मात्र त्या दिवशी घरी जाईपर्यंत ती उगीचच हसत होती.

आणि एका रविवारी पुलाखाली त्यांची नाव उलटली. पाणी छातीइतकंच होतं, पण कुणीतरी टाकलेल्या जुन्या दोरात ईश्वरदासचा पाय अडकला आणि पाण्याची ओढ त्याला आडवं पाडू लागली. चाकू चंद्रकलाच्या कमरेला होता. तिनं तो काढला. "दे," तो म्हणाला आणि हात पुढं केला.

चाकू-कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. आईनं लहानपणापासून लावलेलं वळण. चंद्रकलानं चाकू उलट्या नावेच्या पाठीवर ठेवला. ओल्या ताडपत्रीवरून तो हळूच सरकला आणि पाण्यात गेला.

ईश्वरदासही पाण्याखाली गेला. बाकीचे धावले, दोर ओढून ओढून पाय सोडवला, तोवर तो पुष्कळ पाणी प्याला होता. घोट्याची कातडी सोलली होती. गटाचे प्रमुख भैय्याजी पट्टीचे पोहणारे, आणि तितकेच तापट. चाकू कुठं गेला, त्यांनी विचारलं.

"माझ्या हातून सुटला," खोकत खोकत ईश्वरदास म्हणाला.

ज्याला चाकू धरता येत नाही, त्यानं नदीतून खाली मौद्यापर्यंत जायच्या मोठ्या सफरीत यायचं नाही, असं भैय्याजींनी सगळ्यांसमोर सुनावलं. वर्षभर तो त्या सफरीची वाट पाहत होता. चंद्रकलाच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही.

आठवडाभर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाकू निवडताना केवढी फुशारकी मारली होती, आणि वेळेला साधा हातात देता आला नाही. त्याहून लाज वाटत होती ती गप्प बसण्याची. जेवण जाईना, आरशात बघवेना. तो आपल्याला काय समजत असेल, या विचारानंच अंगावर काटा येई.

पुढच्या रविवारी ती गेली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"भैय्याजी, चाकू यांच्या हातून नाही सुटला. मी हातात दिलाच नाही. नावेवर ठेवला."

"ठेवला? काहून?"

"हातात दिला का भांडण होते... म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. चारुलतानं कपाळाला आठ्या घातल्या. "पेरू कापाले मले तर चाकू हातातच देतेस वं."

"तुझ्याशी झालं भांडण तर चालते मले."

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. भैय्याजींना एकाएकी नदी पाहावीशी वाटली.

"मलेही सांगायचं आहे," ईश्वरदास पुढं आला. "चाकू हळूच सरकला होता. मी पकडू शकत होतो. पण मी... चाकूकडं नव्हतो पाहून राहिलो."

भैय्याजी म्हणाले, दोघंही मौद्याला या, पण वेगवेगळ्या नावांत.

चंद्रकला तोंड लपवून सडकेकडं निघाली. तो लंगडत मागून आला.

"रडून राहिली का?"

"लाज वाटून राहिली. तुम्ही बोलणी खाल्ली, अन् मी गप बसले."

"आपण एकदा भांडूनच घेऊ. पाहू तरी, काय होते. तू सुरू कर. मी खोटं काहून बोललो, ते विचार."

तिनं डोळे पुसले आणि विचारलं. विचारता विचारता खरंच रागावली. आपल्यासाठी खोटं बोलायला यांना सांगितलं कुणी? आठ दिवस जेवले नाही मी, ठाऊक आहे? तो नुसता ऐकत राहिला, म्हणून आणखी रागावली. तिची घरी जायची बस आली. दोघं चढली, एका बाकावर बसली आणि कामठीपर्यंत भांडत राहिली. तिकीट कुठलं, असं कंडक्टरनं विचारलं, तेव्हा कुठं ईश्वरदासला आठवलं, की आपलं घर तर कन्हानलाच आहे.