एकसष्टाव्या खळग्यातला उजेड

चंद्रावरच्या वसाहतीत, दवाखान्याच्या काचेपलीकडे मेदिनीचे बाबा चार दिवस तापाने फणफणत होते. औषध हाताशी होतं. धूळज्वर असेल तर ते जीव वाचवणार होतं. साधा ताप असेल तर तेच मूत्रपिंडं निकामी करणार होतं. दोन्ही तापांत रक्तात एकच प्रथिन वाढायचं आणि तपासणीचं यंत्र तेवढंच सांगून गप्प बसायचं. मग फरक ओळखायचा कसा?

"फरक साखरेत आहे," शेजारच्या प्रयोगशाळेत सुशीलामावशी म्हणाली. डॉ. सुशीला गावित, आईची धाकटी बहीण, तीन महिने याच कामात बुडाली होती. "प्रथिनाच्या धाग्यावर शर्करासाखळ्या (साखरेच्या छोट्या रेणूंच्या माळा) लटकलेल्या असतात. धूळज्वरात त्या माळांची टोकं गळून पडतात. यंत्र फक्त धागा ओळखतं."

"मग माळ कोण ओळखेल?" मेदिनीने विचारलं.

"प्रतिपिंड (परक्या गोष्टीला ओळखून चिकटणारा रेणू). पण अशा माळा आपल्या सगळ्याच पेशींवर असतात, म्हणून शरीर त्यांना सहसा परकं मानत नाही. म्हणून उंदरांना टोकं गळालेलं, बिघडलेलं प्रथिन टोचलं, त्यांच्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी न थकता वाढणाऱ्या पेशींशी जोडल्या. या तबकातल्या प्रत्येक खळग्यात एकाच पेशीचा वंश आहे. त्याची सगळी प्रतिपिंडं तंतोतंत सारखी. त्यांनाच मोनोक्लोनल म्हणतात."

शहाण्णव खळग्यांतली प्रतिपिंडं बिघडलेल्या प्रथिनावर तपासली; जे चिकटेल ते हिरवं चमकणार होतं. दोनच चमकली. सतरा नंबरचं निरोगी प्रथिनावरही चमकलं, ते बाद. एकसष्ट नंबरचं फक्त बिघडलेल्यावर.

"सापडलं!" मेदिनी ओरडली.

मावशीच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही. "नमुन्यातल्या दुसऱ्याच कशाला तरी चिकटलं असेल तर?"

तेवढ्यात स्पीकरवर बाबांवर उपचार करणाऱ्या डॉ. तांबोळींचा आवाज आला. "गावितताई, नाडी मंदावतेय. अर्ध्या तासात काय ते सांगा."

मेदिनीने तबकाकडे पाहिलं. "मावशी, त्याच बिघडलेल्या प्रथिनावरची साखरच काढून टाकली तर? ते साखरच पकडत असेल, तर मग चिकटणार नाही ना?"

मावशीने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि फ्रीजमधून साखळ्या कापणारं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) काढलं.

वीस मिनिटं गेली. चमक राहिली असती तर सगळं मुसळ केरात. मेदिनीने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. काळोख. मिट्ट काळोख!

"साखरच पकडतंय!" मावशीने बाबांच्या रक्ताचा थेंब नव्या खळग्यात सोडला. हिरवा उजेड हळूहळू वाढत गेला.

"धूळज्वरच आहे, डॉक्टर! औषध द्या!"

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. बाबांनी डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे मेदिनीला रडू फुटलं.

मावशी एकसष्ट नंबरच्या पेशी गोठवून ठेवत होती. "आता हे प्रतिपिंड हवं तितकं बनवता येईल. पृथ्वीवरही पाठवू."

"दुसऱ्या आजारांतही माळा बदलतात?"

"काही कर्करोगांत बदलतात. कित्येक माळा तर अजून कुणी ओळखलेल्याच नाहीत."

मेदिनीने डोळे पुसले आणि कोरं तबक पुढे ओढलं. "मग पहिली माळ कुठली घ्यायची?"