तबेल्याला दिलेली बातमी

कॅप्टन एबरहार्ट फॉन डोर्निट्झ रजा घेऊन पूर्व प्रशियातल्या आपल्या जहागिरीवर आला, त्या सकाळी स्वयंपाकघरात बटाटे उकडत होते आणि बहीण आडेलहाइट गळक्या छपरावरून कुरकुरत होती. तिचं पुरतं न ऐकताच तो तबेल्यात गेला.

म्हातारा कोचमन कल्वाइट घोड्यांना खरारा करत होता. करडी घोडी मालकांसाठी खोगीर चढवून तयार होती. पण एबरहार्ट तिच्याजवळ गेला नाही. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यानं कल्वाइटला सांगितलं.

युद्धावरून परतल्यापासून घरचे घोडे त्याच्या हातचं काही खात नसत. चावत नसत, बुजतही नसत; त्याच्या आरपार पाहत. विसरले असतील, असं त्यानं मनाला समजावलं होतं. आता रेजिमेंटमधल्या घोड्यांचंही तेच सुरू झालं होतं. परवा कवायतीत त्यानं टाच मारली, लगाम खेचला, आणि खोगीर रिकामं असावं तशी घोडी मान खाली घालून गवत खाऊ लागली. "डोर्निट्झ, चरायला आणलीत काय हिला?" कर्नल म्हणाले. सगळं पथक हसलं. सोमवारी जनरलसाहेबांपुढे पुन्हा तसं झालं, तर त्याला कायमचं घरी बसावं लागणार होतं. घोड्यावर बसण्यावाचून दुसरं काही त्याला येत नव्हतं.

कल्वाइटचा हात थांबला.

"मालक, सतरा साली तुम्ही लढाईत पडल्याची तार आली होती."

"खोटी होती ती."

"होय. पण तेव्हा आईसाहेबांनी मला इथं पाठवलं होतं."

रीत एबरहार्टला ठाऊक होती. घरचा धनी गेला की प्रत्येक जनावराला उठवून तसं सांगायचं. नाही तर ती झुरून मरतात. वडील त्याआधीच गेले होते. धनी तोच होता.

"आणि मी परत आलो तेव्हा?"

"त्याची काही रीत नाही, मालक. तशी वेळच कधी आली नव्हती."

"मग आज सांग."

एकदा सांगितलेलं मागं घेऊ नये, असं कल्वाइट पुटपुटला. एबरहार्टनं जवळजवळ हात जोडले.

म्हाताऱ्यानं टोपी काढली. एकेका घोड्याच्या मानेवर हात ठेवून तो कानाशी बोलत गेला, "मालक जिवंत आहेत. मालक घरी आलेत."

कान उभे राहिले. कुणीतरी हलकेच खिंकाळलं. एबरहार्टनं हात पुढे केला.

घोडे दाराकडे पाहत होते.

दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर फिकं ऊन पडलं होतं. करडी घोडी वाट द्यावी तशी बाजूला सरकली.

कुणी पाय ठेवून वर चढावं तशी तिची डावी रिकीब ताणली गेली. कातडं करकरलं. घोडी किंचित खचली, सावरली, आणि ताठ मानेनं बाहेर पडली.

"कल्वाइट, धर तिला."

कल्वाइट डोळे पुसत तिच्यामागून अंगणात गेला. "जपून हं, मालक," तो रिकाम्या खोगिराकडे पाहून हसत म्हणाला, "वाट निसरडी आहे."

वरची खिडकी उघडली.

"एबरहार्ट," आडेलहाइटनं अंगणात हाक दिली, "लवकर ये रे. जेवायला थांबते मी."

एबरहार्टनं तबेल्यातून तिला हाक मारली. मग पुन्हा मारली.

कल्वाइट परत आला. त्यानं तबेल्यात एकवार नजर फिरवली, सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली, आणि दार ओढून घेऊन बाहेरून कडी घातली.