खाडीकाठचं इंग्रजी

"हलू नका बाय. जेवढ्या हलशाल तेवढ्या आत जाल."

वाशीला राहायला येऊन नंदिनीला आठवडाही झाला नव्हता. नव्या सेक्टरात मोजक्या इमारती, पलीकडे नुसती खाडी. ओहोटीला वाळल्यासारखी दिसणारी जमीन बघून ती खाली उतरली आणि गुडघाभर चिखलात रुतली. वाशीगावच्या कान्हाने होडीतली फळी टाकून तिला बाहेर काढलं. चप्पल मात्र खाडीने ठेवून घेतली.

नंदिनी कॉलेजात इंग्रजी शिकलेली. वडील कारकून, मराठवाड्यातून बदलून आलेले. कान्हाला बंदरात लाँचवर नोकरी हवी होती आणि मुलाखत होती इंग्रजीत. मग रोज संध्याकाळी बांधावर शिकवणी सुरू झाली. तो चुकायचा, ती हसायची... ती हसावी म्हणून तो मुद्दाम चुकतो, हे तिला फार उशिरा कळलं.

पावसाळा सरल्यावर एकदा त्याने तिला ओहोटीला बोलावलं. "चप्पल काढा. आवाज नको."

चिखलावर हजारो इवले खेकडे बाहेर आले होते. प्रत्येकाची एकच नांगी मोठी, केशरी — आणि सगळे ती उंच करून हलवत होते. दूरवर, नजर पोचेल तिथवर. नंदिनी श्वास घ्यायचं विसरली.

"असं का करतात?"

"नर हायेत. मादीला बोलावतात." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. मग हळूच, "मना नोकरी लागली. लांब, कांडल्याच्या बंदरात. आय ॲम नेसेसरी टू गो."

सवयीने ती म्हणाली, "तसं नाही म्हणत. माणूस नेसेसरी नसतो, जाणं नेसेसरी असतं. इट इज नेसेसरी फॉर मी टू गो. म्हणजे... गेल्यावाचून चालायचं नाही."

"मंग मानूस कवाच नेसेसरी नसतो?"

आपण काय बोलणार आहोत, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"असतो. फक्त कुणाला, ते सांगावं लागतं. यू आर... नेसेसरी टू मी."

तो बघतच राहिला. "मराठीत सांगा. मना चूक नको व्हायला."

"तुझ्यावाचून माझं चालणार नाही, कान्हा."

भरतीचं पाणी चढू लागलं. खेकडे बिळांत शिरले.

"माजं बी नाय चालायचं," तो म्हणाला. "पन घरी? जात येगली, गाव येगला..."

"विचारू. आधी माझ्या बाबांना, मग तुझ्या आईला."

"कवा?"

"आत्ताच."

चिखलाचे पाय तसेच घेऊन दोघं तिच्या घरचा जिना चढले. दार बाबांनीच उघडलं. त्यांनी आधी पाय पाहिले, मग लेकीचा चेहरा. आणि दोघांना आत यायला वाट देत ते दारातून बाजूला झाले.