रखमाजीचं चाक

"सोडा आता. हळू," बद्रीकाका म्हणाले आणि बैलगाडीचं ते थोरलं चाक दोन खांबांच्या मध्ये अलगद जाऊन बसलं. मच्छिंद्रने लगेच दंडाच्या बेटकुळ्या काढून दाखवल्या, जणू चाक त्याने एकट्यानेच उचललं होतं. तो सगळा वेळ नुसता हात लावून उभा होता, हे अरुंधतीने त्याला सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नंदा पोट धरून हसली.

शाळेला सुटी लागून वैशाख तापला होता. नंदा बारा वर्षांची, मच्छिंद्र तिचा थोरला भाऊ, बद्रीकाका या दोघांचे चुलते, आणि अरुंधती त्यांची मावसबहीण. जालन्याहून ती केदारखेड्याला सुटी घालवायला आली होती. पण यंदा चिंचा पाडायच्या आणि नदीत डुंबायचं असले जुने बेत तिघांनीही गुंडाळून ठेवले होते, कारण घरात खराद बसत होती.

खराद म्हणजे लाकूड गोल कातायचं यंत्र. दोन लोखंडी टोकांमध्ये लाकूड अडकवायचं. एकाने मोठ्या चाकाची मूठ धरून चाक फिरवायचं, की चाकावरून आलेला चामड्याचा पट्टा ते लाकूड गरगर फिरवतो. मग काकांनी पटाशी टेकवायची, आणि लाकडाच्या लांबच लांब फिती उडायला लागतात. लोखंडी भाग काकांनी जालन्याहून आणले होते. तिथल्या एका कापसाच्या जिनात कामाला असताना त्यांचा पाय यंत्रात सापडला होता. तेव्हापासून नांगर सुटला, आणि काठी टेकत घरी आलेला हा हसरा माणूस ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. खरादीचं मनात आल्यापासून मात्र ते पुन्हा पोरांची टिंगल करू लागले होते. त्या टिंगलीसाठी नंदा दिवसभर चाक फिरवायला तयार होती.

कडब्याची खोली रिकामी करून तिथे कारखाना थाटला होता. पट्टा चामड्याचं काम करणाऱ्या कचरूमामांनी विहिरीचं पाणी ओढायच्या जुन्या मोटेच्या चामड्यातून कापून शिवून दिला होता. आणि चाक? ते गोठ्याच्या आढ्याला वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. काकांनी कुणाला न विचारता ते खाली काढलं. ते कुणाचं, हे त्यांनी थांबून आठवायला हवं होतं, पण उत्साहाच्या भरात मोठ्या माणसांना असलं काही सुचत नाही.

ते चाक रखमाजीचं होतं. रखमाजी म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. नंदाचे आजोबा धर्मराज आबा तरुण असताना रखमाजी भरली गाडी घेऊन नदीत उतरला आणि वरून पूर आला. बैल तेवढे पोहत घरी आले. पुढे गाळात एक चाक सापडलं. माणूस सापडला नाही.

आबांनी चाक पाहिलं आणि ते कारखान्याच्या उंबऱ्यावरूनच मागे फिरले. तसंही त्यांना हे कातकाम मंजूर नव्हतंच. शेतकऱ्याच्या पोराने लाटणी करत बसावं हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्या दिवसापासून ते काकांशी कामापुरतंही बोलेनात.

पहिले दोन-तीन दिवस झकास गेले. सकाळी तिघं आळीपाळीने चाक फिरवत. काकांनी एक लाटणं केलं, मच्छिंद्रला भोवरा केला. पट्टा मात्र रोज सकाळी ढिला पडलेला असे. काका कचरूमामांच्या नावाने खडे फोडत आणि खांबाच्या बुडाशी लाकडी पाचर आणखी थोडी ठोकत, की पट्टा ताणून बसे. ऊन चढलं की काम बंद. जाताना चाकाची मूठ वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे वासरू घुसलं तरी धडकणार नाही, असा काकांचा शिरस्ता होता.

आणि मग एका दुपारी ते सुरू झालं.

टळटळीत ऊन होतं. गाव मेल्यासारखं निजलं होतं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नंदा ओसरीवर पडल्या पडल्या छताच्या वाशांकडे बघत होती. तेवढ्यात कारखान्यातून आवाज आला. कुणीतरी कण्हावं तसा, बारीक, लांबलेला. थांबला. पुन्हा आला. भरली गाडी चढावर कुरकुरते ना, अगदी तसा. आणि मग एकदम चाक फिरल्याचा घरघराट, आणि शांतता.

तिने मच्छिंद्रला हलवून उठवलं. तिघं दबकत गेली. दाराला बाहेरून कडी होती. आत कुणीच नव्हतं. पण सकाळी वर ठेवलेली मूठ आता खाली होती, आणि चाक अजून जरासं डुलत होतं.

"मी ठेवल्ती मूठ वर," मच्छिंद्र कुजबुजला. त्याच्या बेटकुळ्या कुठल्या कुठे गेल्या होत्या.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी नंदाच्या आईने, गोजरबाईने, तो आवाज ऐकला आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. शेजारच्या दुर्गाबाईंनी ऐकलं, म्हणजे गावाने ऐकलं. रखमाजी भर दुपारी गाडी हाकतोय, असं लोक पाणवठ्यावर बोलायला लागले. काकांनी हसण्यावारी नेलं, पण त्यांचं हसू खोटं आहे हे नंदाला कळत होतं.

शेवटी आबांनी निकाल दिला. अमावास्येला चाक नदीला देऊन टाकायचं आणि ते लोखंड जालन्याला परत धाडायचं. काका बराच वेळ काठीच्या टोकाने माती उकरत राहिले.

"लोखंड चाललं तर मी बी त्याच्यासंगं चाललो, आबा," ते म्हणाले. "इथं भिंतीकडं बघत बसणं आता व्हायचं न्हाई."

आबा उठून गोठ्याकडे निघून गेले. नंदा काकांच्या काठीजवळ जाऊन बसली. काका गेले तर परत येणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तिने दोघांना विहिरीवर गाठलं. भूत असेल तर असेल, पण बघितल्याशिवाय काकांना जाऊ द्यायचं नाही, असं तिने बजावलं. युक्ती अरुंधतीने काढली. चुलीतली राख चाळून कारखान्याच्या जमिनीवर पसरायची. माणूस आत गेला तर पाऊल उमटेल, आणि नाही उमटलं तर...

"तर मंग काय?" मच्छिंद्रने विचारलं. अरुंधती राख आणायला उठली.

सकाळी काका अंघोळीला गेले तेव्हा तिघांनी हळूच कडी काढली. राखेत पावलं होती. अनवाणी, दारापासून खरादीपर्यंत गेलेली आणि परत आलेली. आणि पट्ट्याच्या खाली राखेत गोल गोल खळगे पडले होते, पावसाचे थेंब पडल्यावर धुळीत पडतात तसे. नंदाने बोट लावलं. राख ओली होती.

मच्छिंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. "नदीतून आल्ता तो," तो म्हणाला. "निथळत आल्ता."

नंदाने झटकन बोट मागे घेतलं. पळावंसं वाटत होतं, पण डोळे त्या पावलांवरून हलेनात. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. पाचांच्या जागी चारच बोटं उमटली होती. तसं पाऊल तिने जन्मापासून बघितलं होतं. कुऱ्हाड लागून करंगळी गेलेला पाय एकाच माणसाचा होता.

"आबा," ती म्हणाली.

हे भुतापेक्षा वाईट होतं. म्हणजे आबाच रोज येऊन काहीतरी करतात आणि स्वतःच्या मुलाला घरातून घालवायला बघतात? मच्छिंद्र तावातावाने आबांकडे निघाला होता. अरुंधतीने त्याची बाही धरली. आवाज तर दुपारी येतो, आणि दुपारी आबा सगळ्यांच्या देखत लिंबाखाली घोरत असतात, हे तिने त्याच्या लक्षात आणून दिलं. आधी बघायचं, मग बोलायचं असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधीच तिघं खिडकीतून आत शिरून कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या कडब्याच्या पेंढ्यांमागे दडून बसली. कडी वाजली. आबा आत आले. हातात पाण्याचा लोटा होता. चाकाकडे त्यांनी मान वर करून पाहिलंच नाही. पट्ट्याच्या वरच्या अंगावर त्यांनी धार धरली, आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात ते त्या चामड्यावरून फिरवत राहिले.

"मोटेचं चामडं हाये," ते स्वतःशीच पुटपुटले. "वाळलं की तडकलं. या पोराला काय ठावं."

आणि ते गेले. चाकाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

मोटेला रोज पाणी दाखवायचं, हा आबांचा जन्माचा नेम होता. पण चाक कोण फिरवतं, हा प्रश्न तसाच उरला.

त्या दुपारी तिघं कारखान्याच्या आत बसली. दार ओढून घेतलं. पत्र्याच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खरादीवर पडला होता आणि हवा भट्टीसारखी तापली होती. खिडकीतून लिंबाखाली निजलेले आबा स्वच्छ दिसत होते. मूठ वर होती.

कण्हणं सुरू झालं. ते इतक्या जवळून आलं की अरुंधतीने नंदाच्या दंडात नखं रुतवली. कुणीच नव्हतं, आणि तरी खोलीत कुणीतरी वेदनेने विव्हळत होतं. मच्छिंद्रने डोळे गच्च मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नंदा उठली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. ती पुढे गेली आणि तिने पट्ट्यावर हात ठेवला.

सकाळी आबांच्या हाताखाली लुळा पडलेला पट्टा आता लाकडासारखा कडक झाला होता, आणि आतून थरथरत होता. त्याच्या ओढीने खांब तिच्याकडे झुकला होता. कण्हत होता तो खांब! तिने वर पाहिलं. मूठ थरथरली, किंचित कलली आणि धाडकन खाली आली. चाक अर्धा फेरा फिरलं, परत उलटं डुललं आणि मूठ खाली ठेवून थांबलं.

नंदा मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. दोघांना वाटलं, हिला भुताने धरलं.

अमावास्येला दुपारी चाक न्यायला गाडी जुंपून उभी होती. आबा, गोजरबाई, दुर्गाबाई, कचरूमामा, दहा-वीस माणसं अंगणात जमली होती. काकांनी गाठोडं बांधलं होतं. चाक काढायला कुणी पुढे होईना, आणि तेवढ्यात ते कण्हणं सुरू झालं. माणसं मागे सरकली. दुर्गाबाईंनी पदर तोंडात धरला.

"थांबा," नंदा म्हणाली. तिने काकांची मोगरी उचलली. आपलं चुकलं तर काका तासाभरात वेशीबाहेर जातील, हे तिला कळत होतं. ती खांबाशी बसली आणि पाचरीवर उलट्या बाजूने जीव खाऊन घाव घातला. पाचर उडाली. खांब सरळ झाला. पट्टा सैल पडला. कण्हणं मध्येच तुटलं, ते पुन्हा आलं नाही. मूठ वरच्या वर राहिली.

मग तिने सगळं सांगितलं. ओला पट्टा ढिला पडतो, काका पाचर ठोकून तो ताणतात, आणि दुपारच्या उन्हात वाळला की तो आवळतो, खांबाला ओढतो, मुठीला कलवतो. कचरूमामांनी पट्टा चाचपून मान डोलावली.

"पण ह्याला ओलं कोण करून राह्यलं?" काकांनी विचारलं.

नंदाने मान खाली घातली. आबांचं नाव तिच्या तोंडून निघेना.

"मी," आबा म्हणाले. "चामडं घरात हाये आन् त्याला पाणी न्हाई, असं या घरात कधी झालं न्हाई."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुमी रोज येत होता, आबा? माझ्या खरादीकडं?"

आबांनी खाकरून घसा साफ केला आणि तिसरीकडेच बघितलं. काकांनी काठी सोडून दिली आणि डोळ्यांवर दोन्ही हात धरले. गोजरबाईने गाठोडं उचललं आणि गुपचूप घरात नेऊन सोडलं.

आबा नंदाजवळ आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरांना शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती.

"तू माझ्या भावावरचा आळ काढलास, पोरी. रखमाजी कुणाला भ्या दावणारा माणूस न्हवता. मलाच भ्या वाटलं." मग मच्छिंद्रला आणि अरुंधतीला जवळ ओढून त्यांनी गाडीचे बैल सोडायला सांगितलं.

त्या रात्री काकांनी पट्ट्याला एरंडेल चोळलं, म्हणजे चामडं पाण्यावाचूनही तडकणार नाही, आणि मूठ खाली ठेवली. राख झाडायची मात्र सगळ्यांच्याच राहून गेली.

सकाळी नंदा सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेली. पट्टा कोरडा होता. तुडवलेल्या राखेतही ती चार बोटांची पावलं पुन्हा उमटली होती, दारापासून खरादीपर्यंत, पण यावेळी थेंब नव्हते. खरादीवर एक झिजलेली शिवळ ठेवली होती. जुवात बैलाच्या मानेशी बसते ती लाकडी खुंटी. शेजारी तेवढ्याच लांबीचा बाभळीचा एक वाळका, सरळ तुकडा होता. शिवळा आजवर आबा स्वतः तासत आले होते, दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नव्हता.

नंदाने काकांना हाक मारली, चाकाची मूठ धरली आणि ती वाट बघत उभी राहिली.