गार्डसाहेबांचं कानाचं मशीन

"मॅडम, लवकर या! गार्डसाहेबांच्या कानात मशीन नाही!"

मॅडम नुकत्याच खुर्चीला टेकल्या होत्या. सकाळी व्हॅन पंक्चर झाली, मग नळाचं पाणी गेलं, मग एका आजींना चक्कर आली. म्हाताऱ्या माणसांचं दिवसकेंद्र चालवायचं म्हणजे आभाळ फाटलेलं, ठिगळ लावणार तरी कुठे कुठे? त्या उठल्या. गुडघा कटकन वाजला.

हाक मारणारी मावशी होती. केंद्राची झाडलोट, वाढणं, म्हाताऱ्यांना हात धरून नेणं, सगळं तीच बघायची. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला आणि कमावणारी ती एकटी.

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"सकाळी व्हॅनमधून उतरले तेव्हा होतं. आत्ता जेवायला बोलावलं तर ढिम्म. बघते तर कान रिकामा. मी खुणेनं विचारलं, कुठंय? तर बेसिन दाखवलं."

"बेसिन कोणी पुसलं?"

मावशीचा चेहरा उतरला. "मीच की. पण मशीन नव्हतं हो तिथे! आणि मी त्याला हातसुद्धा लावत नाही. एकदा मुठीत धरलं तर शीळ घालायला लागलं. तेव्हापासून भीतीच वाटते त्याची."

हॉल पालथा घातला. गाद्या उलटल्या, मोरी तपासली. जेवायला बसलेल्या इतर साऱ्यांनी कुरकुरत का होईना, आपापल्या पिशव्या आणि खिसे उलटे करून दाखवले. मावशीचा डबासुद्धा उघडून झाला. मध्येच मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं आणि कान देऊन ऐकलं. शीळ कुठेच नव्हती, पंख्याची घरघर तेवढी होती.

या सगळ्या गोंधळात एकटे गार्डसाहेब शांतपणे जेवत होते. उभा जन्म रेल्वेत शिट्टी फुंकण्यात गेलेला माणूस, आता इंजिन शेजारून गेलं तरी ऐकू यायचं नाही. जेवून त्यांनी ताट सरकवलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात मावशीला म्हणाले, "काय गं बाई, सर्दी झाली का? वाफ घे चांगली."

मावशी नाक ओढत आत निघून गेली.

दुपारी त्यांचा मुलगा आला. उभ्यानंच बोलला. "मॅडम, मशीन मी आणून महिना झाला नाही. बेसिन त्या बाईनं पुसलं. आता अजून काय पुरावा हवा?"

"वडिलांना विचारलंत?"

"त्यांना काय विचारायचं? ऐकू कुठे येतंय! संध्याकाळपर्यंत मशीन मिळालं नाही तर मी पोलिसात जाणार."

मागोमाग समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. पोलीस नकोत, केंद्राची अब्रू जाईल. त्यापेक्षा बाईला आजच घरी पाठवा. अध्यक्षांना काय जातंय सांगायला! मावशीच्या तोंडावर ते सांगायचं होतं मॅडमना.

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर व्हॅन उभी होती, मोजक्या सीटांची. केंद्राची एक रीत होती. ज्याला ऐकू येत नाही, त्याला ऐकू येणारा जोडीदार द्यायचा. दोघं व्हॅनमध्ये शेजारी बसायचे, जेवायला शेजारी बसायचे. गार्डसाहेबांची जोडीदार होती टेलरबाई. दोन वर्षं तिनं त्यांच्यासाठी पाटीवर लिहिलं होतं. मशीन आलं आणि मॅडमनी तिची सीट काढून तिला वेगळ्या वाराच्या गटात टाकलं. सीट वाचली म्हणून त्या दिवशी त्यांना केवढं बरं वाटलं होतं.

टेलरबाई? तिला राग यायला कारण होतं. पण आज तिचा दिवसच नव्हता. मग कोण?

आणि मॅडमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी कपाट उघडून धूळ खात पडलेली पाटी काढली.

हॉलमध्ये मुलगा घड्याळ बघत होता. मावशी पिशवी भरून दाराशी उभी होती. गार्डसाहेब खुर्चीत पेंगत होते.

"मावशी, पिशवी ठेवा खाली," मॅडम म्हणाल्या. "मशीन तुम्ही घेतलं नाही."

"कशावरून?" मुलगा म्हणाला.

"मुठीत किंवा डबीत कोंबलं की ते शीळ घालतं. आम्ही कान लावून ऐकलं, तर आवाज नाही. म्हणजे घेणाऱ्यानं आधी झाकण उघडून सेल काढला. मावशी त्याला हात लावायला घाबरतात. रोज सेल काढायची सवय कुणाला असते?"

मुलाची नजर वडिलांकडे गेली.

"दुसरं. आम्ही सगळ्यांचे खिसे बघितले, फक्त एकाचे सोडून. ज्याची वस्तू गेली त्याची झडती कोण घेतो? आणि तिसरं म्हणजे ज्याचं गेलं तो पोटभर जेवला."

"म्हणजे बाबांनी? काहीतरीच! आणि या बाईचे हाल बघत बसले?"

"बघितले, पण ऐकले कुठे? मावशी रडत होत्या, त्यांना वाटलं सर्दी झालीय. मघापासून आपण सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलतोय. त्यांना सांगणारी जी होती तिला मीच काढलं."

मॅडमनी पाटीवर लिहिलं, गार्डसाहेबांना हलवून जागं केलं आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. *मावशीला चोर ठरवलंय. आज नोकरी जातेय.*

त्यांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग हात सावकाश आतल्या खिशात गेला. चष्म्याच्या घरात मशीन होतं, झाकण उघडं, सेल वेगळा.

"बाबा!" मुलगा ओरडला. ते अर्थात ऐकू गेलं नाही.

"मला वाटलं, हरवलं म्हटलं की टेलरबाई परत येईल," गार्डसाहेब म्हणाले. "मशीनमधून खुर्च्या ऐकू येतात, भांडी ऐकू येतात, सगळ्यांचे खोकले ऐकू येतात. ती माझ्यापुरतं निवडून लिहायची. पण हिच्यावर येईल असं... शपथ सांगतो, मला माहीत नव्हतं."

मॅडमनी पाटी पुसली. *पुढच्या खेपेपासून टेलरबाई तुमच्या शेजारी. मशीन असलं तरी.* सीट कुठून आणायची, देव जाणे. अध्यक्षांशी भांडावं लागणार होतं. भांडू.

गार्डसाहेबांनी मान हलवली, पण लक्ष पाटीकडे नव्हतं. त्यांनी सेल बसवला, झाकण लावलं. मशीन शीळ घालत कानात गेलं. मग खुर्चीचा हात धरून ते उठले आणि मावशीसमोर जाऊन उभे राहिले.

"बोल बाई. शिव्या दे, काय वाट्टेल ते बोल. मशीन ऐकायलाच लावलंय."

मावशीनं पिशवी खाली ठेवली.

"सर्दी नव्हती हो झाली मला, साहेब," ती म्हणाली.