निलोफरमधला पाव मामू

पडद्यावरच्या चित्रात दस्तगीरमामूला चक्क दोन नाकं होती. एक जागच्या जागी आणि दुसरं, जरा फिकट, गालाकडे सरकलेलं.

"असं कसं झालं?" निलोफरने विचारलं.

साल होतं २०५१. मिरजेत मनाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत मामूच्या मेंदूची चित्रं काढायची होती, म्हणून ती त्याच्याबरोबर आली होती. तिथला यंत्रमानव निरखू चहाडी करायला टपलेलाच होता. "व्यक्ती हलली. एकूण एकोणचाळीस वेळा!"

"हलणार नाही तर काय?" यंत्रातून बाहेर येत मामू म्हणाला. "लई बेसूर आहे हो तुमचं यंत्र! काळी चारच्या सुरापेक्षा केसभर खाली बोलतंय. मान आपोआप 'नाही, नाही' करायला लागली."

मामू तंबोरे बनवायचा. उतरलेला सूर ऐकला, की त्याच्या अंगावर काटा यायचा. चुंबकीय प्रतिमा यंत्र (कुठेही न कापता मेंदूची चित्रं घेणारं यंत्र) घूं घूं करतं, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे चौगुले आजोबांना ठाऊक होतं. पण त्याला सुरात लावायला निघालेला गृहस्थ त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

निलोफर मात्र हसली नाही. यंत्र बेसूर आहे, हे तिलाही कळलं होतं. घरी सगळे कौतुकाने म्हणत, "पोरगी अगदी मामूवर गेलीय." पण मामूला द्विध्रुवी विकार (मन कधी अति उत्साहात, तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार) होता. पूर्वी तो आठ-आठ दिवस जेमतेम झोपायचा आणि एकदम बारा तंबोरे करायला घ्यायचा. मग महिनाभर हातही उचलायचा नाही. आता औषधाने त्याची तब्येत छान होती. पण मामूचा कान तिला मिळाला, तर आजारही मिळणारच, असं निलोफरने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"आजोबा, हा आजार कुठल्या जनुकामुळे होतो?" तिने हळूच विचारलं. जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची पेशीतली सूचना, एवढं तिला शाळेत शिकवलं होतं.

"एकाच जनुकामुळे नाही गं. शेकडो जनुकांमधले बारीक बारीक फरक असतात. प्रत्येकाचा धक्का अगदी हलका. असे काही फरक माझ्यातही आहेत आणि मी ठणठणीत आहे!"

"मग जनुकं तपासून काय उपयोग?"

उत्तर मामूनेच दिलं. "नुसता भोपळा बघून तंबोरा कसा वाजेल, सांगता येतं का? भोपळाही बघायचा आणि तार छेडून ऐकायचंही."

"वा, उस्ताद!" आजोबा खूश झाले. "जनुकं म्हणजे तुमचा भोपळा. मेंदूच्या चित्रात तार ऐकू येते. मेंदूचे कुठले भाग एकमेकांशी जोडीने काम करतात आणि कुठे जोडी जमत नाही, ते दिसतं. हजारो माणसांची दोन्ही माहिती शेजारी शेजारी मांडली, की जनुकांचे कुठले फरक मेंदूतल्या कुठल्या जोडणीशी निगडित आहेत, ते उलगडत जातं. मामूला योग्य औषध सापडायला तीन वर्षं लागली. तू मोठी होशील, तोवर ते कदाचित तीन आठवड्यांत सापडेल."

निलोफर आजोबांच्या जवळ सरकली. "पण मी तर अख्खी मामूवर गेलेय."

"अख्खी?" आजोबा म्हणाले. "विज्ञान म्हणतं, भाचीत मामाचा वाटा साधारण पाव!"

"आणि तुझा सुराचा कान नुसता जन्माने आला का?" मामूने विचारलं. "तीन वर्षांची असल्यापासून माझ्या कारखान्यात कोण बसायचं?"

"मी," निलोफर म्हणाली. "मग मला तो आजार होईल की नाही?"

आजोबांनी उत्तर टाळलं नाही. "छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. पण बहुधा नाही. आणि झालाच, तर त्यावर उपचार आहेत. तुझा मामू समोर उभा आहे बघ."

मामूचा चेहरा एकदम उतरला. "निलू, हे किती दिवस मनात ठेवलंस?"

"सुट्टी लागल्यापासून."

मामू तिच्यापुढे उकिडवा बसला. "माझी झोप उडाली होती, तेव्हा मीही कोणाला काही बोललो नव्हतो. अख्खं वर्ष वाया गेलं. कानात माझ्यावर जा, नाकात जा. पण बेटा, गप्प बसण्यात माझ्यावर जाऊ नकोस."

निलोफरने मामूच्या गळ्यात हात टाकले आणि ती रडता रडता हसायला लागली. मग घरी पोचेपर्यंत तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून.